बाळ्या, ऐकत नाहीस की ऐकू येत नाही?

प्रिय बाळ्या,

पत्राला उशीर झाला, शिव्या घालून घे. माझा गुडघा आहे तसाच.

ताईचा फोन आला होता. फौजेतून परतल्यापासून तू म्हणे शिष्ट झालायस. पोरं हाक मारतात, तू बघतही नाहीस. चारचौघांत नुसती मान डोलावतोस. डोक्यावर परिणाम झालाय, असं लोकांनी ठरवूनही टाकलंय. झोप उडाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचंच, पण मला आधी शंका येते ती कानाची.

रायफलचा बार १५० डेसिबलच्या वर जातो, आणि १४० च्या पुढे एकाच दणक्यात कान कायमचा दुखावू शकतो. आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ४००० हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे बारीक, उंच स्वरांचं ऐकणं आधी जातं. मग आवाज येतो पण शब्द लागत नाही. 'सात' की 'हात', कळत नाही. पोरांचे बारीक आवाज पहिले हरवतात. सुभेदारसाहेबांचा मात्र शेवटपर्यंत ऐकू येणार, भोग आपले!

तू उजव्या खांद्यावरून मारायचास. म्हणजे डावा कान नळीकडे, उजवा डोक्याच्या आडोशाला. डावाच जास्त गेला असणार, तेव्हा माणसांना उजवीकडे बसव. भिंतीला पाठ लावून बसायच्या ज्या खोडीवरून आपण मेसमध्ये भांडायचो, ती आता कामाची आहे. मागचा गोंगाट कमी येतो. (तरी ती जागा माझीच होती.)

ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आधी निदान १४ तास मोठा आवाज नको, हेडफोनही नको. नाहीतर तात्पुरता बधिरपणा आकड्यांत मिसळतो. आलेखात ४००० पाशी खड्डा आणि ८००० ला पुन्हा सुधारणा दिसली, तर संशय गोळीबारावरच. शांत खोलीत शब्द ओळखण्यात तू आरामात पास होशील, म्हणून गोंगाटात शब्द ओळखायची चाचणीही मागून घे. फौज सोडतानाच्या मेडिकलची प्रत सोबत ने, तुलनेला लागेल.

रात्री कानात शिटी वाजते ना? शांततेत ती जास्तच जाणवते. पंखा किंवा पावसाचा आवाज लाव, पण शिटीपेक्षा किंचित हळू. ती पूर्ण बुडवायची नाही. आणि घरात दिवसभर बोळे घालून बसू नकोस, कान उलट हुळहुळे होतात.

ताईला सांगितलंय, समोर येऊन, तोंड दिसेल असं बोला. ओरडू नका, ओरडल्यानं शब्द आणखी फाटतात.

नोकरीचं काय? मुलगी बघताय म्हणे. काकांना नमस्कार. आलेखाचा फोटो पाठव, आकडे वाचता येतील असा.

तुझा,
पक्या