सरासरी नको, रेघा पाठव

ताळगाव, गोवा

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

तुझा बसवाहतुकीचा अहवाल वाचला. ‘सरासरी वेग’ हा शब्द तू इतक्यांदा लिहिलायस की शेवटी मी पानं उलटत नुसते नकाशेच पाहिले. रागावू नकोस. पण मीही दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली वाहतूकच बघत असतो, तेव्हा चार शब्द सुनवायचा हक्क मला आहे.

माझी वाहतूक उंदराच्या चेतापेशीतली. लांबलचक तंतू, त्यात सूक्ष्मनलिकांचे रूळ, आणि त्यांवरून मालाच्या पिशव्या ओढणारं कायनेसिन नावाचं प्रथिन. ते 1985 मध्ये माकुलाच्या जाड चेतातंतूतल्या द्रवात सापडलं. एक पाऊल 8 नॅनोमीटरचं, आणि दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची. उलट्या दिशेला ओढणारं प्रथिन वेगळं, डायनीन नावाचं. गंमत अशी, की एकाच पिशवीला दोघंही चिकटलेले असू शकतात. मग जी काय ओढाताण होते, ती बघण्यासारखी असते.

नुसती फिल्म बघून मात्र डोळे शिणतात, हाती काही लागत नाही. म्हणून तंतूवर एक रेघ आखायची, दर फ्रेममधली तेवढीच पट्टी कापायची आणि त्या पट्ट्या एकाखाली एक रचायच्या. आडवं अंतर, वरून खाली वेळ. तिरकी रेघ दिसली की पिशवी धावतेय. उभी असेल तर खोळंबलीय. मध्येच माघारी वळली तर डायनीनची सरशी. कालच्या चित्रात एक रेघ खूप वेळ सरळ उभी होती, मग एकदम तिरकी सुटली, आणि तिच्या जागी मागून आलेली दुसरी येऊन थांबली. आता याची सरासरी काढ बघू! जाणारे-येणारे सारखेच असले तर ती शून्याजवळ येईल, म्हणजे कागदावर पेशीत काहीच हलत नाही.

या चित्राला आम्ही कायमोग्राफ म्हणतो. नाव जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविगच्या 1847 च्या यंत्राचं. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बेडकाचा स्नायू टांगून त्याच यंत्राचा काजळी लावलेला ड्रम फिरवायचे, आठवतंय? पण तुझ्या कामाची गोष्ट पुढे आहे. नाडीचे आलेख काढणारा फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे, त्याच्या ग्रंथाच्या 1885 च्या आवृत्तीत पॅरिस-ल्याँ गाड्यांचं वेळापत्रक असल्याच तिरक्या रेघांत छापलंय. आराखडा इब्री नावाच्या अभियंत्याचा. आपल्या रेल्वेचे कंट्रोलर आजही असाच चार्ट समोर ठेवतात. कोकण रेल्वेसारख्या बऱ्याचशा एकेरी मार्गावर क्रॉसिंगला कुठली गाडी कुठे थांबवायची, ते त्याशिवाय कळणार कसं?

मडगाव-पणजी शटलचं चित्र तू असं काढलं असतंस, तर झुआरीचा नवा पूल होण्याआधी कुठ्ठाळीला सगळ्या रेघा उभ्या झालेल्या दिसल्या असत्या. आणि उतारू पणजीच्या कदंब बसस्टँडवर उतरला म्हणजे पोचला असं धरू नकोस. तिथून पुढे तो पिवळ्या मडगार्डच्या भाड्याच्या मोटारसायकलवर पायलटच्या, म्हणजे चालकाच्या, मागे बसतो, किंवा पलीकडच्या बेतीची फेरीबोट धरतो. पेशीतही हेच चालतं. लांबचा पल्ला सूक्ष्मनलिकांवर. पुढे पेशीच्या कडेला अ‍ॅक्टिनच्या बारीक तंतूंच्या गल्लीबोळात मायोसिन-5 नावाचं तिसरं प्रथिन माल उचलतं, 36 नॅनोमीटरच्या ढांगा टाकत. तुझ्या अहवालात हा शेवटचा टप्पा एका तळटीपेत आहे. मला ते पटलं नाही.

एक अडचण मात्र तुलाही येणार. चित्र स्वच्छ हवं म्हणून मी प्रकाश वाढवला, की पिशव्यांना लावलेलं चमकणारं रंगद्रव्य विझतं आणि पेशीही आजारते. कमी केला की नुसते ठिपके. तुमच्याकडे तपासनीस गाडीत चढला की कंडक्टर शहाण्यासारखा वागू लागतो, तोच प्रकार. त्यामुळे मोजणारी माणसं कमीत कमी पाठव, जीपीएसवरच भागव.

इकडे पाऊस बेफाम आहे. प्रयोगशाळेतला डीह्युमिडिफायर रात्रंदिवस घुरघुरतोय आणि लेन्सवर बुरशी धरेल या धास्तीने मी दर सकाळी आधी तिथेच डोकावतो. वहिनींना नमस्कार सांग. चवथीला येणार असशील तर आधी कळव, गाड्यांची तिकिटं तेव्हा मिळत नाहीत.

आणि येताना एका मार्गाच्या, एकाच दिवसाच्या, दर थांब्यावरच्या पोचण्या-सुटण्याच्या वेळा घेऊन ये. माझ्याच सॉफ्टवेअरमध्ये घालून बघू.

तुझा,
श्रीधर