चौदाव्या मीटरवरचं पाणी

सांगली, ९ ऑगस्ट

प्रिय संज्या,

फोनवर नीट सांगता येईना, म्हणून पत्र. या भानगडीत तुझाही हात आहे, तो पुढे येईलच.

पाऊस लागला आणि १४५ मेगाहर्ट्झवर माझ्या हॅम रेडिओचा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडे पाठवलेल्यातलं किती परत फिरतं त्याचं माप, आदर्श १) ३ च्या वर गेला. भर पावसात गच्चीवरच्या अँटेनापाशी कोण चढणार? खालीच केबल काढून नॅनोव्हीएनएला, त्या केबल-अँटेना तपासायच्या छोट्या यंत्राला, लावली. स्क्रीनवर एस११ ची, म्हणजे दर वारंवारतेला परत येणाऱ्या सिग्नलची, नागमोडी रेघ. काहीतरी परत येतंय एवढं कळतं, कुठून ते नाही. पण परावर्तन जितकं लांबून, तितकी त्याची फेज (लाट आपल्या फेऱ्यात कुठवर आली ते) वारंवारतेबरोबर भरभर फिरते. उलटा फूरिये (वारंवारतेवरून वेळेत नेणारं गणित) घेतला की त्या फिरण्याचं अंतर होतं. गणिताच्या एम-थ्री पेपरात हेच आपण घोकून ओकलं होतं. तेव्हा कुणी हातात केबल दिली असती तर!

तर जवळजवळ शून्यापासून ९०० मेगाहर्ट्झपर्यंत स्वीप घेतला, म्हणजे वारंवारता पायरीपायरीने चढवत मोजली, १०१ बिंदू, आणि फाइल लॅपटॉपवर घेऊन पायथॉनमध्ये आयएफएफटी, म्हणजे तोच उलटा फूरिये. पट्टा रुंद तेवढं बारीक दिसेल, हा माझा शहाणपणा. शिखरं आली ३ मीटरवर आणि ७ मीटरवर. तीन मीटर म्हणजे कपाटामागे. कपाट ओढलं, केबल बोटाबोटाने चाचपली. ठणठणीत. घरच्यांनी जे ऐकवलं ते लिहीत नाही.

चहा घेताना डोक्यात आलं, १८ मीटरवरची अँटेना ग्राफात आहेच कुठे? १४५ सोडलं तर ती बहुतेक सगळं परत फेकते, दिसायलाच हवी. मग हिशेब मांडला. बिंदूंमधलं अंतर ९ मेगाहर्ट्झ, म्हणून वेळेची पट्टी त्याच्या व्यस्ताइतक्या, १११ नॅनोसेकंदांत संपते. माझ्या आरजी-५८ केबलमध्ये सिग्नल नॅनोसेकंदाला २० सेंटिमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ११ मीटर. पलीकडचं सगळं घड्याळात तेराचा एक वाजावा तसं पुन्हा शून्यापासून. सातवरची ती अँटेनाच होती. आणि तीनचे झाले चौदा.

स्वीप २०० वर आणला. पट्टी जवळजवळ ५० मीटरची झाली, शिखरं मुकाट १४ आणि १८ वर जाऊन बसली. बारकावा गेला, अर्ध्या मीटरच्या आतलं आता वेगळं दिसत नाही. वर हॅन विंडो (पट्ट्याच्या कडांचे बिंदू हळूहळू शून्यावर आणणं) लावल्यामुळे शिखरं आणखी फुगली. पण ती नसती तर मोठ्या शिखराशेजारची १३ डीबी खालची खोटी पिल्लं दोष समजून मी दुसरंही कपाट हलवलं असतं.

अठरातून चौदा गेले, चार. तिथे ट्यूब पेटली. दोन वर्षांपूर्वी गणपतीत केबल कमी पडली म्हणून चार मीटरचा तुकडा कुणी जोडला, आठवतंय? ‘साधी टेप पुरे रे’ कोण म्हणालं? काल उघडीप मिळाली तसा वर गेलो. टाकीमागे तुझी टेप सोलली तर आतून थेंबभर पाणी गळलं. दोन तुकडे जोडणाऱ्या कपलरची पिन हिरवी पडलेली, जाळीचं तांबं काळं.

आता अखंड केबल टाकतोय. यंदा गणपतीला ये, पण टेप आणू नकोस. मोदक आण.

तुझा,
बाळ्या