टिळकांची भजने चर्चबाहेर कधी?

रेव्हरंड ना. वा. टिळक म्हटले की शाळेतले ‘केवढे हे क्रौर्य!’ आणि ते जखमी पाखरू आठवते. बहुतेकांची ओळख तिथेच संपते. परवा नगरला एका स्नेह्यांबरोबर चर्चमध्ये गेलो. शेजारच्या सत्तरीतल्या मावशींनी ‘उपासना संगीत’ हे ख्रिस्ती भजनांचे पुस्तक मांडीवर मिटून ठेवले होते, गाणे मात्र तोंडपाठ. साथीला पेटी, तबला, टाळ. डोळे मिटले असते तर एकादशीचे भजन वाटले असते!

विलायती चालींवर मराठी शब्द ओढूनताणून बसवण्यापेक्षा ख्रिस्ती कवी कृष्णराव सांगळे आणि टिळक यांनी पदे-अभंगांची वाट धरली. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण तुकोबांना त्यांनी सोडले नाही. त्यांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य अपुरे होते. ते पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रावर भरभरून बोलणारेही याचा विषय काढत नाहीत.

निदान नाताळात तरी रेडिओच्या सकाळच्या भक्तिगीतांत टिळकांचा एखादा अभंग लावावा. इंग्रजी ‘जिंगल बेल्स’ मॉलमध्ये आहेच.

– एक वाचक, पुणे