डोहाळजेवण घरचं, बाळंतविडाही घरचाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हॉल घ्यायचा, भाड्याचा झोपाळा आणायचा, थर्माकोलची चंद्रकोर उभी करायची, ही डोहाळजेवणाची पद्धत आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली आहे. आपल्या पुरवणीतही सजावटीच्या कल्पनांना भरपूर जागा मिळते. आमचं म्हणणं असं, की वीस-पंचवीस माणसांचं डोहाळजेवण घरातच छान होतं, आणि चकचकीत कागदातल्या विकतच्या टोपलीपेक्षा घरी शिवलेला बाळंतविडा कितीतरी जास्त कामाला येतो. मात्र तो नीट शिवलेला हवा. हौसेनं केलेल्या पुष्कळ वस्तू बाळाच्या अंगाला एकदाही लागत नाहीत, आणि काही तर लागूच नयेत अशा असतात. म्हणून थोडं तपशिलात लिहितो आहोत.

पहिली गोष्ट कापडाची. बाळासाठी मऊ, वापरलेल्या सुती साडीसारखं कापड नाही, हे घरोघरी माहीत आहे. पण साडी निवडताना ती उजेडासमोर धरून पाहावी आणि दोन्ही हातांनी ताणावी. जिथे विरलेली दिसेल तो भाग सरळ काढून टाकावा, नाहीतर पाचव्या-सहाव्या धुण्यात तिथेच फाटते. काठ आणि पदरही काढावा, त्यातली जरीची तार टोचते. सिंथेटिक मिसळलेली साडी हाताला मऊ लागली तरी नको, ती घाम आणि लघवी शोषत नाही. रंग पक्का आहे का, ते पाहायला ओल्या पांढऱ्या फडक्यानं साडी जोरात घासावी. फडक्याला रंग लागला तर ती बाजूला ठेवावी. मिठाच्या पाण्यात बुडवून आताचे रंग पक्के होत नाहीत. नवीन मलमल किंवा पॉपलिन घेतलं तर रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, इस्त्री करूनच कापावं. त्याची खळ निघायला हवी, शिवाय ते आटतं. न धुता शिवलेलं झबलं पहिल्याच धुण्यात लहान होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आजीच्या ट्रंकेतली साडी डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली असेल तर ती बाळासाठी वापरू नका. या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं. ज्या बाळांना जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि कावीळ धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. ही कमतरता बाळात आहे की नाही, हे जन्माच्या वेळी बहुतेक घरांत कुणाला ठाऊक नसतं. तयार बाळंतविडाही गोळ्या घालून ठेवू नये. वाळवलेली कडुनिंबाची पानं पुरचुंडीत बांधून ठेवली की भागतं.

पाचवारी साडीचे काठ आणि पदर काढले की साधारण ४३ इंच रुंद आणि २०० इंच लांब कापड हाती येतं. त्यातून २१ इंचांचे १८ चौकोन निघतात. चौकोन कोनाकोन दुमडून कडा शिवल्या की दुपदरी त्रिकोणी लंगोट तयार. नवजात बाळ दिवसाला दहा-बारा वेळा तरी कपडे ओले करतं. पावसाळ्यात ते वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून दीड-दोन डझन लंगोट ही चैन नाही. चौपदरी लंगोट मात्र करू नयेत. वरून कोरडे लागतात आणि आतून दमट राहतात, त्यातूनच पुरळ येतं.

झबल्याला अर्धा मीटर कापड लागतं. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंचांचा असला तरी चालतो. २६ इंच लांब आणि १९ इंच रुंद तुकडा खांद्यावर आडवा दुमडायचा, म्हणजे खांद्याला शिवण येतच नाही. मधला अंगाचा भाग ११ इंच, दोन्हीकडे चार-चार इंच बाही, आणि बाहीची खोली साडेचार इंच. गळा चार इंच रुंद, मागे अर्धा इंच खोल, पुढे दीड इंच. पुढचा भाग गळ्यापासून खालपर्यंत मधोमध कापायचा. झबलं पुढून उघडं ठेवावं. मागून नाड्या असल्या तर बाळ दिवसभर त्या गाठींवर झोपतं. गळ्याला आणि पुढच्या दोन्ही कडांना सव्वा इंचाची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावावी. इथे हमखास चूक होते. कापड वाचवायला सरळ पट्टी लावली जाते, ती गोलाईत वळत नाही, गळा आखडतो आणि चुण्या मानेला घासतात. कडा दुमडून शिवल्या तर दोन्हीकडून पाव-पाव इंच जातं आणि पुढून फट राहते. पट्टीनं ते टळतं.

बाजूची शिवण आधी सुलट बाजूनं पाव इंचावर मारायची, जादा कापड कातरून निम्मं करायचं, काखेच्या वळणावर बारीक कट द्यायचे, मग झबलं उलटवून पुन्हा पाव इंचावर टीप मारायची. कच्ची कड आतल्या आत बंद होते, बाळाच्या काखेत एकही सुटा दोरा राहत नाही. कट दिले नाहीत तर काख ओढते आणि बाळ हात वर करायला लागलं की शिवण उसवते. नाड्यांच्या दोन जोड्या पुऱ्या: एक छातीवर, एक बेंबीच्या खाली. बरोब्बर बेंबीवर गाठ येऊ देऊ नये, पहिले दोन-तीन आठवडे तिथे नाळ असते. गळ्याशी नाडी नकोच. नाडी सहा इंचांची, त्याच कापडाची. सॅटिनची रिबन सुटते आणि तिची कड उसवत राहते. नाडी लावल्यावर ती हाताला झोंबेपर्यंत ओढून पाहावी. जी निघायची ती आपल्याच हातात निघू दे.

भरतकाम झबल्याच्या छातीवर फार सुरेख दिसतं, पण त्याच्या उलट बाजूला गाठी आणि दोरे असतात, आणि तीच बाजू बाळाच्या अंगाला लागते. भरायचंच असेल तर आतून मलमलचं अस्तर द्यावं, नाहीतर दुपट्याच्या कोपऱ्यावर भरावं. टिकल्या, मणी, बटणं, घुंगरू कशालाच नकोत. सव्वा इंचाहून लहान वस्तू बाळाच्या घशात अडकू शकते.

टोपडं नेमकं जन्माच्या मापाचं केलं जातं. जन्मताना डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर, म्हणजे चौदा इंचांच्या आतबाहेर असतो. तीन महिन्यांत तो ४० सेंटिमीटरपर्यंत जातो. म्हणून घेर १६ इंचांचा धरावा. कुंची खणाची करायची असेल तर जरूर करा, बारशाला तिच्यासारखी शोभा नाही. पण खण फक्त बाहेरून. आतून मलमल, आणि गळ्याशी गोटा नाही. कुंची आणि टोपडं बाहेर नेताना घालायचं, झोपवताना काढायचं. घरात झोपलेल्या बाळाचं डोकं झाकलं तर त्याला उकडतं, आणि सैल कापड नाकावर घसरू शकतं.

विणणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. हातमोजे-पायमोजे करत असाल तर ते उलटे करून आतून पाहा. एक सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबतो, बोट सुजून काळंनिळं पडतं, आणि आत काय चाललंय ते मोज्यामुळे दिसत नाही. जाळीदार वीण यासाठीच टाळावी, बोटं छिद्रांत अडकतात. लोकर म्हणून मिळतं ते बरेचदा ॲक्रिलिक असतं. मुंबई-कोकणच्या हवेत त्यानं घामोळं येतं. सुती सुताचं विणलेलं बरं.

गोधडीला एक पाचवारी साडी पुरते. ३६ बाय ४३ इंचांचे पाच थर निघतात: मधे तीन, वर एक, खाली एक. याहून जाड केली तर सुई ओढताना बोटं सोलतात आणि धुतल्यावर पिळता येत नाही. थर जमिनीवर ताणून अंथरावेत, कडांना जड पुस्तकं ठेवावीत आणि मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेनं वीतभर अंतरानं कच्चे टाके घालावेत. हे न करता एका कडेनं धावदोरा सुरू केला की खालचा थर सरकत जातो आणि दुसऱ्या कडेला झोळ येतो. तो मग काही केल्या निघत नाही. कच्च्या टाक्यांनंतर बोटभर अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी. दोरा सुतीच घ्यावा, पॉलिस्टरचा दोरा जुन्या मऊ कापडाला कापत जातो. ही गोधडी खाली अंथरायला, तेल लावताना, पालथं घालून खेळवताना. झोपलेल्या बाळावर पांघरायला नाही. पहिलं वर्षभर बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट बिछान्यावर, उशी, जाड पांघरूण आणि खेळण्यांशिवाय झोपवावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. डोकं गोल व्हावं म्हणून दिली जाणारी मोहरीची उशीही यातच आली. ती बाळंतविड्यात ठेवू नये.

त्याऐवजी बाळाच्या वर टांगायचं कापडी चिमण्यांचं चिमणाळं करा. नवजात बाळाला आठ ते बारा इंचांवरचं बरं दिसतं, तेही ठळक फरकाचं. काळ्या-पांढऱ्या आणि लाल चिमण्या त्याला फिक्या गुलाबीपेक्षा आधी दिसतील. चिमण्यांचं पोट खालून रंगवा किंवा भरा, बाळ खालूनच पाहतं. बाळ हातांवर जोर देऊन उठू लागलं, साधारण पाचव्या महिन्यात, की चिमणाळं काढून ठेवायचं.

आता समारंभ. डोहाळजेवण बहुधा सातव्या महिन्यात असतं. गरोदरपणातल्या मधुमेहाची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत होते, म्हणजे जवळजवळ तेव्हाच. पंचपक्वान्नांचा बेत ठरवण्याआधी होणाऱ्या आईच्या तपासणीचं काय झालं ते तिलाच विचारा, आणि ताटात काय हवं तेही तिनंच सांगावं. आग्रह कुणीही करू नये. कच्ची मोड आलेली कडधान्यं कोशिंबिरीत नकोत. शिजवलेली उसळ चालते. पंचवीस माणसांना मसालेभाताला दोन किलो तांदूळ, पुऱ्यांना सव्वादोन किलो कणीक, मठ्ठ्याला दीड किलो दही आणि सव्वादोन लिटर पाणी पुरतं. एक गोड पुरे. कोशिंबिरीत दही आणि मीठ पान वाढताना घालावं, आधी घातलं की पाणी सुटतं.

पाटावर बसवण्याचा हट्ट सोडावा. पाठ टेकेल अशी खुर्ची आणि पायाखाली छोटा पाट, एवढं आसन बास. फुलांची वाडी हलकी असावी, आणि फुलांचा वास तिला सोसतो का ते आधी विचारावं. ओटी अकराला सुरू केली तर बाराला पानं वाढली पाहिजेत. फोटोंसाठी तिला उपाशी ताटकळत ठेवणं हे आजच्या डोहाळजेवणांतलं सगळ्यात वाईट.

जेवणानंतरचा तासभर गोधडीला द्या. कच्चे टाके आदल्या रात्री घालून ठेवलेले असावेत. चार बाजूंना चार जणी बसतात. आजीचा टाका, मावशीचा टाका, आत्याचा टाका वेगवेगळा दिसतो आणि तसाच राहू द्यावा. बाकीच्या जणी नाड्या उलटवतात, चौकोन कापतात. पुरुषांनीही कात्री धरावी, सरळ रेषेत कापायला शिवण यावी लागत नाही. पण सुया मोजून द्याव्या आणि मोजून परत घ्याव्या. आठ दिल्या तर आठ परत आल्याशिवाय कुणी उठायचं नाही. कमी भरली तर गोधडीवरून लोहचुंबक फिरवावा. टाचण्या रंगीत डोक्याच्याच वापराव्या.

काही घरांत बाळ येण्याआधी त्याचे कपडे शिवत नाहीत. त्या भावनेचा मान ठेवावा. तिथे त्या दिवशी फक्त साड्या गोळा कराव्या, हवं तर गोधडी करावी, आणि झबली-लंगोट बाळ घरी आल्यावर बारशाच्या आत शिवावे. एक झबलं शिवायला दीड-दोन तास लागतात, मावशा-आत्यांनी वाटून घेतलं तर बारा दिवस भरपूर आहेत.

रंगांबद्दल एक. परदेशातलं पाहून आपल्याकडेही निळ्या-गुलाबी फुग्यांचे खेळ सुरू झाले आहेत. सोनोग्राफीतून मुलगा की मुलगी ते विचारणं आणि सांगणं, दोन्ही आपल्याकडे गुन्हा आहे. यासाठीचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानंच १९८८मध्ये केला, केंद्राचा १९९४मध्ये आला. पेढा की बर्फी हा वाट्यांचा खेळ निरुपद्रवी म्हणून चालत आला आहे, पण पेढा निघाल्यावर होणारा जल्लोष आणि बर्फीनंतरची क्षणभराची शांतता तिला ऐकू येते. आम्हाला तो खेळ गाळावासा वाटतो. कापड पिवळं, पांढरं, पोपटी घ्यावं.

सगळं शिवून झालं की साध्या साबणानं धुऊन, सुगंधी कंडिशनर न घालता, उन्हात वाळवून जुन्या साडीच्याच पिशवीत भरावं. पिशवीत एक चिठ्ठी टाकावी: कापड कुठलं, कितीदा धुतलं, किती लंगोट, किती झबली, आणि नाड्या दर आठवड्याला ओढून पाहा म्हणून.

आपल्या,
शिवणवर्ग चालवणाऱ्या दोन मैत्रिणी, सातारा