घोडे नावापुरते, तरी वेस्टर्नच

महोदय,
कोएन बंधू या अमेरिकी दिग्दर्शक जोडीचा ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ (२००७) हा चित्रपट परवा भर दुपारी घरीच पाहिला. टेक्सासचं उजाड माळरान पाहून आपला धुळ्याकडचा रस्ता आठवला. वेस्टर्न म्हणजे घोडे-बंदुकांचा, काउबॉयचा सिनेमा म्हटलं की शेवटी समोरासमोर गोळीबार हवाच. इथे काळ १९८०चा, घोडे नावापुरते, सगळा पाठलाग गाड्यांतून आणि ज्याला नायक समजावं तो मरताना पडद्यावर दिसतही नाही. माझ्या भावाने चिडून रिमोट आपटला. मला मात्र तेच पटलं.

रक्तपात भरपूर आहे. मारेकऱ्याच्या हातात गुरं मारायचं, हवेच्या दाबावरचं हत्यार. लहान मुलांसमोर अजिबात लावू नये. पण अंगावर काटा आला तो पेट्रोल पंपावरच्या प्रसंगात, आणि तिथे रक्ताचा थेंब सांडत नाही. मारेकरी खाऊचा कागद चुरगाळून काउंटरवर टाकतो. तो कागद कुरकुरत हळूहळू उलगडत जातो. समोरच्या म्हाताऱ्याला छापा की काटा सांगायचं असतं, पैजेवर काय लावलंय हे त्याला धड कळलेलंही नसतं. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. ती कुरकुर ऐकू यावी म्हणून मी एवढ्या उन्हात कूलर बंद केला!

– एक वाचक, अमळनेर