साडेचौदा लाख नव्हे, 14,58,545

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2027च्या जनगणनेच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. त्यांत गोव्याची 2011ची लोकसंख्या ‘सुमारे साडेचौदा लाख’ एवढ्यावर भागवली जाते. कृपया पूर्ण आकडा छापा : 14,58,545. मी गणिताचा शिक्षक आहे. सहावी-सातवीच्या मुलांना आठवडाभर पुरेल इतकं या एका संख्येत आहे.

शेवटी 5 आहे, तेव्हा 5ने भाग जाणार हे कोणीही सांगेल. खरी मजा 11ची. एकाआड एक अंक घ्या : 1, 5, 5, 5. बेरीज 16. राहिलेले 4, 8, 4, त्यांचीही बेरीज 16. दोन्ही बेरजा सारख्या, म्हणून 11ने निःशेष भाग जातो. ही कसोटी मुलं पाठ करतात, पण ती का चालते हे फारसं कोणी सांगत नाही. 10 म्हणजे 11ला एक कमी, 100 म्हणजे 99वर एक जास्त, 1000 म्हणजे 1001ला पुन्हा एक कमी. आणि 99, 1001 दोन्ही 11च्या पटीतले. म्हणून अंक आळीपाळीने अधिक-उणे करायचे. एवढं फळ्यावर मांडलं की पाठांतराची गरजच राहत नाही.

त्याच जनगणनेतले जिल्हे घ्या. उत्तर गोवा 8,18,008. 11ने भागल्यावर बाकी 4. दक्षिण गोवा 6,40,537, बाकी 7. एकाही जिल्ह्याला भाग जात नाही, पण 4 आणि 7 मिळून 11 होतात आणि अख्ख्या गोव्याला जातो! बाक्यांची बेरीज शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

5 आणि 11 बाजूला काढले की 26,519 उरतात. त्याला 23ने भाग जातो आणि राहतात 1,153. 34चा वर्ग 1,156, म्हणून 31पर्यंतच्या मूळ संख्या लावून पाहिल्या की पुरे. एकीनेही भाग जात नाही, म्हणजे 1,153 मूळ संख्या. एक माणूस जास्त मोजला गेला असता तर 5, 11, 23, 1,153 यांतला एकही अवयव टिकला नसता, कारण लगतच्या दोन संख्यांना 1 सोडून सामाईक विभाजक नसतो. आधी जाहीर झालेल्या 14,57,723 या तात्पुरत्या आकड्याला तर 5नेही भाग जात नाही आणि 11नेही नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी गोव्याचे. त्यांच्या नावाने पणजीत विचारमहोत्सव होतो. इतिहासकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण पेशाने ते गणिती होते, हे आमच्या मुलांपर्यंत पोचायला हवं.

नव्या जनगणनेचे आकडे येतील तेव्हा ते तालुकावार आणि शेवटच्या अंकापर्यंत छापावेत, ही आग्रहाची विनंती. मूळ अवयव काढायचं काम आमच्या वर्गावर सोडा.

आपला,
एक गणित शिक्षक, फोंडा