दहाला डीजे बंद झाला, राज्या

जळगाव,
मे महिना, भर दुपार

प्रिय राज्या,

काय रे भो, कसा शे? पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. नानांची शुगर होती तिथेच, आईचा गुडघाही तिथेच, माझ्या कानात अधूनमधून शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणाले प्लग घाला, घातले. झालं तब्येतीचं.

व्हॉइस नोट पाठवली असती, पण तू त्या दुप्पट वेगाने ऐकतोस आणि माझा टेम्पो बिघडवतोस. शिवाय फोन उघडला की आधी ऑफिसचे ग्रुप दिसतात, आणि जे सांगायचंय ते ऑफिसबद्दलच आहे. इथल्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, पोराला सुख बोचतंय.

ऐक. चोपड्याकडच्या एका गावात हळदीला डीजे वाजवायला गेलो होतो. छोट्या हत्तीवर दोन टॉप आणि दोन बेस स्पीकर, आपला तोच कंट्रोलर, आणि जनरेटरवाल्याची नेहमीची कुरकुर. दुपारी 45 अंश तापलेलं अंगण नऊला कुठे पाय ठेवण्याजोगं झालं, मग बाया आल्या. मी टिमलीपासून, त्या आदिवासी नाचाच्या गाण्यांपासून, सुरुवात केली. तुला माहीतच आहे, शहाद्या-धडगावकडचे ते ट्रॅक थेट वाजवून रेकॉर्ड केलेले, मधेच पळतात, मधेच रेंगाळतात. वेग आपोआप जुळवणारं सिंकचं बटण तिथे फसतं, कानानेच जुळवावं लागतं. म्हणून तर मला ते आवडतात. रंग चढला, मी बास काढून घेतला, सोळा मात्रा फक्त टाळ्या आणि फुंकून वाजवायची पावरी ठेवली, आता परत सोडणार, आणि दारात हवालदार मामा उभे.

मी माइक घेतला. म्हणालो, मंडळी, फक्त शेवटचं एक गाणं. मामा जागीच थबकले. म्हणाले, "आवाज ओळखीचा वाटतो." खिशातून फोन काढला, व्हॉट्सअ‍ॅप चाळलं आणि माझ्याच माइकसमोर फोन धरला. आणि राज्या, त्या बेसमधून, त्या टॉपमधून मीच बोलायला लागलो! "ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला मनाई आहे. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45..." लग्नसराई सुरू झाली तेव्हा मीच लिहिलेला, मीच आवाज दिलेला व्हिडिओ. यंदा आमच्या बातम्यांच्या डेस्कवर त्याच्याइतकं दुसरं काही चाललं नाही. (55 डेसिबल म्हणजे आपली आई फोनवर बोलते त्याहून कमी, हे वाक्य संपादकांनी कापलं होतं.)

अख्खं अंगण हसून लोळलं. नवरदेवाचा मामा तर खुर्चीवरून घसरला. मी मुकाट्याने आवाजाचे फेडर खाली ओढले. जनरेटरवाल्याने डिझेल वाचतंय म्हणून लगेच जनरेटरही बंद केला, त्यामुळे दिवेही गेले. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात ओट्यावरची एक म्हातारी म्हणाली, "मशीन बंद पडनं, आम्ही थोडीच बंद पडनूत!" आणि तिने हळदीचं गाणं उचललं. अहिराणी, नुसत्या टाळीवर. दुसरीने ओढलं, तिसरीने नवऱ्या मुलाच्या आत्याचं नाव गुंफून तिची उतरवली. मामा जाताना म्हणाले, हाताला नियम नाही, वाजवा.

मी अंधारात बेसवर बसून राहिलो. तासाभराने टाळीचा वेग वर गेला असेल, एकाही मशीनशिवाय, आणि कोणी वाढवला ते कळलं नाही. मी दहा मिनिटं तेच शोधत होतो, कोण पुढे जातंय. कोणीच नाही. सगळ्याच. एकाही हातात फोन नव्हता, कारण अंधारात काय दिसणार? कॉलेजातून पळून तुमच्या घरी कानबाई देवीच्या रात्री बसलो होतो, रोट खाऊन खाऊन पोट फुगलेलं आणि लाइट गेलेली, ते आठव. तसं. यापुढे ते तुला समजावून सांगणार नाही.

आता खरी गंमत. हवालदार मामांचा तो तेवढा भाग कोणीतरी आधीच शूट केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या शिफ्टला मी डोळे चोळत बसलो (तापीच्या पुलावरून घरी यायला पहाट झाली होती, दोन तास झोप), तर डेस्कवरच्या नव्या मुलीने ग्रुपवर तीच रील टाकली: "सर, खान्देशातून मस्त व्हायरल येतंय, हेडिंग द्याल?" मी माझ्याच पकडल्या जाण्याला हेडिंग दिलं. चांगलं दिलं, क्लिक भरपूर आल्या. दुपारपर्यंत ऑफिसातल्या मॅडमनी आवाजावरून ओळखलं.

मला वाटलं, आता करार काढतील, बाहेरचं काम करता येत नाही वगैरे. नानांना काय सांगायचं याचीही तयारी केली. तसंही नानांना डीजे समजतो, मोबाइलवर बसून पगार कसा मिळतो ते समजत नाही. एसटीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला "मी पुश नोटिफिकेशन पाठवतो" हे कोण सांगणार! स्थळं येतात तेव्हा आमचे मामा "मुलगा मीडियात आहे" एवढंच बोलून विषय वांग्याच्या भरितावर नेतात. ते असो.

मॅडम चिडल्या नाहीत. खूश झाल्या. तिथेच माझं जेवण कडू झालं बघ. म्हणाल्या, भटू, तू तर सोनं दाबून ठेवलंस. दर आठवड्याला एक भाग, "रात्रीचा खान्देश", दिवसा बातमीदार, रात्री डीजे, तुझाच चेहरा. हळद, सारंगखेड्याची यात्रा, नवरात्रातलं नंदुरबार, काठी गावची होळी. उभा व्हिडिओ. पगारात वाढ, पदही नवं. वर म्हणाल्या, पहिल्या तीन सेकंदांत ड्रॉप हवा, म्हणजे बास धाडकन कोसळायला हवा, नाहीतर लोक अंगठ्याने वर सरकतात.

तीन सेकंदांत ड्रॉप! राज्या, काठीला आपण गेलो होतो ना, अख्खी रात्र ढोल आणि पावरी, कमरेला घुंगरं बांधलेले ते बुध्ये नाचतायत, आणि होळी पेटते ती पहाटे. लोक रात्रभर त्यासाठी थांबतात. त्याचा पहिला तीन सेकंदांचा भाग कुठला काढू? मी दिवसभर रिटेन्शनचा आलेख बघतो, कुठल्या सेकंदाला माणूस उठून गेला ते मला ठाऊक असतं. त्या कामात मी वाईट नाही, उलट बराच चांगला आहे, आणि ते मला आवडतंही. हे लोकांना सांगितलं तर पटत नाही, त्यांना वाटतं दिवसाची नोकरी म्हणजे रात्रीसाठीची मजुरी. तसं नाही रे. चांगलं हेडिंग सुचलं की मला तसाच आनंद होतो जसा दोन गाणी चपखल बसल्यावर होतो. पण रात्री मी आलेख बघत नाही. पाय बघतो. आणि कोणी उठून गेलं तर जाऊ देतो, लघवीला गेलं असेल.

आतापर्यंत मला वाटायचं माझी अडचण झोपेची आहे. सहाची शिफ्ट आणि दोनला संपणारी हळद. त्यावर उपाय होते: शिफ्ट बदलून घे, मे महिन्यात रजा टाक, दुपारी पडी टाक. आता अडचणच वेगळी निघाली. दिवस रात्रीला अडवत नाहीये, दिवसाला रात्र हवी आहे.

आणखी एक कुसळ आहे. मी म्हणालो, मॅडम, कॉपीराइटचं काय? लग्नात वाजवायला कलम 52(1)(झेड-ए) आहे, लग्नाच्या वरातीत, समारंभात गाणं वाजवलं तर परवानगी लागत नाही. पण तेच आपल्या चॅनेलवर टाकलं की यूट्यूबचा क्लेम येणार, जाहिरातीचे पैसे कंपनीला जाणार. (तुला सांगायला नको, तू भोगलंयस.) तर त्या सहज म्हणाल्या, "मग तुमचे आदिवासी ट्रॅक घेऊ ना, त्यांना क्लेम येत नाहीत."

येत नाहीत, कारण ते ट्रॅक करणाऱ्या पोरांनी गाणी तिथे नोंदवलेलीच नाहीत. कोणी गायलं, कोणी पावरी फुंकली, कोणत्या खोलीत रेकॉर्ड केलं, हे मला ठाऊक आहे. त्यातल्या एकाकडून मी पेन ड्राइव्हमध्ये भरून घेतलंय, शंभर रुपये देऊन, आणि त्याने चहा पाजला होता. मॅडम वाईट बाई नाहीत हं. त्यांना खरंच वाटतं की ज्याला क्लेम नाही त्याला मालक नाही.

मी म्हटलं, विचार करतो. सोमवारपर्यंत मुदत आहे.

आता तू चरणजित सिंगचं काढशील, मला माहीत आहे. दर वेळी काढतोस. मुंबईचा फिल्मी वादक, 1982 मध्ये रोलंडच्या 808 ड्रम मशीनवर आणि 303 बास मशीनवर रागांची डिस्को रेकॉर्ड केली, तेव्हा कोणी विचारलं नाही, 2010 मध्ये परत निघाली आणि जग म्हणालं अरे हे तर अ‍ॅसिड हाउससारखं वाजतंय, शिकागोत ते नाचाचं संगीत जन्मलं त्याच्याही आधी. तुझा मुद्दा: रेकॉर्ड होती म्हणून सापडला. माझा मुद्दा: 28 वर्षं तो माणूस लग्नांत आणि कार्यक्रमांत वाजवत मजेत होता. हे भांडण आपण अमळनेरच्या स्टेशनवर गाडी चुकेपर्यंत केलंय, परत करायला माझी हरकत नाही.

आणि ते दुसरं भांडण. कानबाईच्या त्याच रात्रीचं तू लपून केलेलं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकलंस, पाठीमागे कुठलं तरी सिनेमाचं गाणं वाजत होतं त्याचा क्लेम आला, आणि तू हसत होतास की आपल्या घरच्या गोंधळावर साबणाची जाहिरात लागली. मी दिवाळीपर्यंत बोललो नव्हतो. तू म्हणालास, "भट्या, तुला ऐकणारे नकोत, भक्त हवेत." फार लागलं होतं. अजून लागतं, पण वाक्य चांगलं आहे, हेडिंग म्हणून चाललं असतं.

परवा रात्री झोप येईना, तर ते शोधलं. आहे अजून. चित्र काहीच नाही, काळंकुट्ट, आणि त्यात तुझी माय गातेय. तिच्यानंतर तिचा दुसरा आवाज कुठे आहे आपल्याकडे? तुमच्या घरी आहे का? मी तीनदा ऐकलं. याचा अर्थ तू तेव्हा बरोबर होतास असा मी काढणार नाही, तूही काढू नकोस. पण मॅडमना "नाही" लिहायला बसलो की ते मधे येतं. म्हणजे चोपड्याची ती म्हातारी कोणीच टिपली नाही याचं मला बरं वाटतंय की वाईट, हे मला ठरवता येत नाहीये. तिच्या नातवाला काय वाटेल? त्याला कोण विचारणार? माझा नकार नक्की कोणासाठी आहे, तिच्यासाठी की माझ्या ऐटीसाठी?

दोन उत्तरं लिहून ठेवलीयत. पहिलं सरळ नकार, नम्र, चार ओळी. दुसरं असं: माझा चेहरा नाही, हळदीत कॅमेरा नाही, त्याऐवजी धडगाव, शहादा, अक्कलकुव्याकडे दिवसा जाऊन गाणी करणाऱ्या पोरांवर भाग करतो, प्रत्येकाचं नाव आणि गाव लिहून, आणि त्यांचं गाणं वापरलं तर पैसे त्यांना. यात तीन सेकंदांत ड्रॉप नाही, त्यामुळे मॅडम बहुतेक नाही म्हणतील, आणि मग वाढही गेली. नव्या टॉपचे हप्ते चालू आहेत हे तुला माहीत आहे, कारण जामीन तूच आहेस. म्हणून तुझा सल्ला घेणं भाग आहे, नुसतं प्रेम समजू नकोस.

मी दुसऱ्याकडे झुकलोय. पण ते लिहितानाही जाणवतं की मी परत सगळ्याचा "भाग" करतोय. दिवसाची सवय. तू वाचून सांग, त्यात कुठे मी लबाडी करतोय. तुला ते लगेच दिसतं, म्हणून तर तू इतका त्रासदायक आहेस.

तुझं कसं चाललंय? नवी कंपनी बरी का? वहिनी परत कामावर रुजू झाल्या म्हणे. पुण्यात घर घेतलंस की अजून बघतोच आहेस? आई म्हणते बिबड्या आणि कळण्याचं पीठ भरून ठेवलंय, कोणी येणारं असलं की पाठवते.

शनिवारी पारोळ्याला हळद आहे, तेव्हा फोन उचलणार नाही. रविवारी दुपारी कर, जेवण झाल्यावर. दुसऱ्या उत्तराचा मसुदा वेगळा मेल केलाय, लाल शाईने काय खोडायचं ते खोड.

तुझा,
भटू

ता. क. लेकीचं नाव काय ठेवलंत ते अजून कळवलेलं नाही. नाना रोज विचारतात आणि मी रोज वेगळं सांगतो, आता पंचाईत झालीय. आणि त्या काळ्या व्हिडिओची मूळ फाइल तुझ्या जुन्या लॅपटॉपवर असेल तर पाठव, यूट्यूबने आवाज फार दाबलाय.